तांडेल म्हणेल तेव्हा

चि. बाळ यास,


तुझा लांबलचक मेसेज मिळाला. फोनवर बोटं आपटत उत्तर द्यायचं माझ्याच्याने होत नाही, आणि विषयही दोन ओळींचा नाही, म्हणून कागद घेतला. बेत उत्तम आहे. सूनबाई, दोन्ही पोरं, ताई, भावोजी, तुझे सासू-सासरे असे सगळे मिळून होडी करून खोल पाण्यात गरवायला जायचं, याहून चांगली सुट्टी पुण्यात बसून सापडायची नाही. पण तू सोबत जोडलेला तो तक्ता पाहिला. सहाला निघणं, आठला पहिला गळ, साडेबाराला जेवण, चारला परत. ऑफिसात तुझं सगळं असंच चालत असेल. इथे तक्ता समुद्र करतो आणि तो वाचता येतो एकट्या तांडेलाला. या पत्रात मला सांगायचं आहे ते मुख्य इतकंच.

तू लिहितोस, लहानपणी आजोबांबरोबर गेलो होतो तसा दिवस पोरांना द्यायचाय. तुला त्या दिवसातला मोडसा आठवतो. बाकीचं आठवणार नाही, कारण तू ताईच्या मांडीत ओकून ओकून निपचित पडला होतास. म्हणून ते आधी सांगतो.

जानेवारी महिना होता. अंधारात निघालो, मतलई वारा पाठीला. वीस वाव पाण्याच्या आसपास दादांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, इंजिन बंद केलं आणि आम्ही गऱ्या सोडल्या. बराच वेळ काही नाही. मग वाहत आलेला एक मोठा ओंडका दिसला. मोडशाला अशा तरंगत्या वस्तूच्या सावलीत राहायची सवय, त्यामुळे दादांनी होडी हळूच तिकडे लावली. भावोजींच्या हातातली दोरी सर्रकन पळाली. तो मासा वर यायला किती वेळ लागला म्हणून सांगू! आला तेव्हा चपटं रुंद डोकं, तपकिरी पाठ, कुशीला पांढुरका पट्टा, आणि होडीत पडल्यावर शेपटीचे असे तडाखे की पाण्याची कळशी आडवी झाली. पाठीवरचे आखूड काटे एका खलाशाच्या पोटरीला लागले. भावोजींचा चेहरा तेव्हा पाहायला हवा होतास. ओंडक्याखाली आणखी मासे फिरत होते, दुसऱ्या गरीला ओढ लागली होती, आणि नेमके तेव्हाच दादा म्हणाले, "गऱ्ये वर घेया. घराक जावया."

भावोजी म्हणाले, अजून अर्धा तास. दादांनी उत्तर दिलं नाही. इंजिन चालू केलं आणि नाळ किनाऱ्याकडे वळवली. दुसऱ्या गरीचा मासा तोडून द्यावा लागला. परतीच्या वाटेवर कोणी कोणाशी बोललं नाही.

दादांनी काय पाहिलं ते मला नंतर कळलं. मतलई रोजच्यापेक्षा लवकर पडली होती. वारा नसताना उत्तरेकडून लांब, मंद लाटा होडीखालून जायला लागल्या होत्या. लांब कुठेतरी वारा उठल्याशिवाय अशी लाट येत नाही. तो आपल्यापर्यंत पोचेलच असं नाही, पण पोचला तर होडीत तीन बायका आणि एक आजारी पोर.

आणि त्या दुपारी वारा आलाच नाही. संध्याकाळपर्यंत मालवणचा समुद्र तेलासारखा पसरला होता. भावोजींनी रात्री जेवताना ते बोलून दाखवलंच. "पाहिलंत, काही झालं नाही." दादा म्हणाले, "नाय झाला, ता बरा झाला," आणि मोडशाचं डोकं जावयाच्या ताटात वाढलं.

भावोजी पुढे वर्षानुवर्षं ही गोष्ट दादांच्या घाबरटपणाची म्हणून सांगत. (हे त्यांना वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही.) मला मात्र दादांचा तो निर्णय बरोबरच वाटतो, वारा आला नाही तरी. वेळेवर फिरलेल्या माणसाला आपण बरोबर होतो याचा पुरावा कधीच मिळत नाही. न फिरलेल्याला मिळतो, पण तो नको असतो. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला कोकणावर आलं, म्हणजे ऐन मोसमात, दिवाळी झाल्यावर, जेव्हा सगळ्यांना समुद्र आता शांत झाला असं वाटतं. त्या वेळी बाहेर अडकलेल्या होड्यांतली काही माणसं परत आली नाहीत. तेव्हा तांडेलाने कारण सांगितलं नाही, किंवा सांगितलेलं कारण तुला पटलं नाही, तरी त्याच्याशी हुज्जत घालायची नाही.

इथे एक अडचण आहे. दादा घरचेच होते, त्यांना कोणाची भीड नव्हती. तुझा तांडेल पैसे घेऊन आलेला असेल. गिऱ्हाईक नाराज होईल, राहिलेले पैसे देणार नाही, उद्या कोणाला आपलं नाव सांगणार नाही, हे सगळं त्याच्या मनात असणार. फिरावंसं वाटत असूनही तो अर्धा तास थांबेल, आणि तो अर्धा तास तू विकत घेतलेला असेल. म्हणून निघायच्या आधी, जेट्टीवरच, सगळ्यांसमोर पूर्ण पैसे त्याच्या हातात ठेव आणि म्हण, तुम्ही बंदराच्या तोंडातून परत फिरवलीत तरी हे तुमचेच. नुसतं सांगून भागत नाही, नोटा हातात पडल्या पाहिजेत. सासऱ्यांनाही आधी कल्पना देऊन ठेव. मोठ्या पदावरून निवृत्त झालेल्या माणसाला होडीत तिशीतला तांडेल "बसा खाली" म्हणाला की राग येतो.

आंग्रिया बँकेचं खूळ डोक्यातून काढ. कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेलं ते प्रवाळाचं पठार विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला आहे. माथ्यावर वीसेक मीटर पाणी, वर डोकं काढलेला एक दगडही नाही. वारा सुटला तर आडोशाला जायला जागा नाही. संशोधकांनी जावं. सासूबाईंना घेऊन जायची ती जागा नव्हे. तुम्ही पंधरा-वीस वाव पाण्यापर्यंत जा, सुरमई तिथेही लागते.

तारीख ठरवताना शनिवार-रविवार पाहू नकोस, तिथी पाहा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते हे तुला ठाऊक आहे. पण नारळी पौर्णिमेला नारळ सोडला म्हणजे समुद्र पोरांसाठी मोकळा झाला असं नाही. दिवाळीनंतरच या. त्यातही आमोशा-पुनवेचं उधाण टाळून सप्तमी-अष्टमीच्या भांगाला जा. पाण्याला ओढ कमी असते, गरी सरळ खाली उतरते, नवख्या हाताला मासा कळतो. बंदरावर बावटा लागलेला असेल तर सामान गाडीतून उतरवूसुद्धा नकोस.

होडी कोणाचीही स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नकोस. प्रवासी न्यायचा मेरीटाईम बोर्डाचा परवाना आहे का, विमा आहे का, वायरलेस आहे का, हे विचारायला लाजायचं नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये असू दे. किनाऱ्यापासून लांब फोन लागत नाही, तेव्हा वायरलेसच कामाला येतो. परतायची वेळ मला सांगून जा, म्हणजे उशीर झाल्यावर किनाऱ्यावर कोणीतरी अस्वस्थ होईल. पोरांची जॅकेटं त्यांच्या वजनाची हवीत. मोठ्यांचं जॅकेट पोराच्या अंगात घातलं तर पाण्यात ते वर येतं आणि पोर खाली राहतं.

उलटीची गोळी निघायच्या आधी तासभर, पोरांना डॉक्टरांना विचारून. रिकाम्या पोटी कोणी यायचं नाही. थोडी भाकरी-चटणी खाल्लेली बरी. मळमळायला लागलं की डिझेलच्या धुरापासून दूर, होडीच्या मध्यावर बसवून लांबच्या रेघेकडे बघायला लावायचं. खाली मान घालून मोबाइल पाहणारा पहिला ओकतो. तुझा थोरला असणार.

तंगूस हाताला गुंडाळायचा नाही. हे मी दहादा सांगेन. पोरांना वाटतं गुंडाळला की पकड बसेल. सुरमईने एक हिसका दिला की तो दोरा बोटात शिरतो. दादांच्या उजव्या तर्जनीच्या पेरावर एक खोल चीर होती, ओली झाली की पांढरी दिसायची. मी लहानपणी त्यात नख घालून पाहायचो. ती अशीच पडलेली. दोरी चिमटीत धरायची, मासा पळाला की पळू द्यायचा, थांबला की ओढायचा. आणि सुरमईच्या तोंडात बोट घालून गरी काढायला जाणाऱ्याला घरी ठेवा. मालवणच्या किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, तिथे परतताना गंमत म्हणूनही गरी सोडू नका.

लहान मासा लागला तर सोडायचा. सरकारने २०२३ साली ५४ जातींना किमान आकार ठरवून दिलाय, पण तो नियम नसता तरी अंडी न घातलेली पिल्लं पोरांच्या हातून मारवण्यात काय पुरुषार्थ? मात्र खोलातून भरकन वर ओढलेल्या तांबोशीचं पोट तोंडातून बाहेर आलेलं असतं. ती सोडली तरी बहुधा जगत नाही. तेव्हा एकाच जागी बारकी तांबोशी लागायला लागली की तिथून हलायचं.

आता बर्फ. जन्मभर बर्फ विकला, तेव्हा या विषयावर मी लांबणार. माशाच्या वजनाइतका बर्फ हवा, म्हणजे तुला वाटतो त्याच्या तिप्पट. कुपा लागला तर त्याला लगेच कल्ल्याजवळ कापून रक्त जाऊ द्यायचं आणि बर्फात पुरायचं. झुंजताना त्या माशाचं अंग आतून तापतं. उन्हात फोटो काढत ठेवलात तर त्यात जे विष तयार होतं ते रस्सा कितीही उकळलात तरी जात नाही. तोंड लाल, अंगावर गांधी, डोकं ठणकतं. फोटो एक काढा, मासा बर्फात टाका, मग हवं तेवढं कौतुक करा. बर्फ फोडून घ्या. लादी ठेवलीत तर मासा नुसता तिच्यावर बसतो, गार होत नाही.

ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्या पाण्यात भिजणार नाहीत अशा डब्यात घे. भावोजींना टोपी.

बर्फाचं मी कारखान्यात बोलून ठेवतो. आता ऑफिसच्या रजेचं बघून दोन अष्टम्या निवड आणि कळव, आणि पोरांची वजनं कळव, जॅकेटं त्या हिशेबाने मागवायची आहेत. तांडेल माझ्या ओळखीतला आहे. कमी बोलतो, तुझ्या सासऱ्यांना आवडणार नाही.

तुझा,
मामा