आधी पान उलटून पाहा



पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड तालुक्यांत अनेक आदिवासी कुटुंबांनी घराजवळच्या तुकड्यावर मोगरा लावला आहे. पहाटे खुडलेल्या कळ्या दादरच्या फुलबाजारात जातात. उन्हाळ्यात, शेतात दुसरे काम नसताना, रोज थोडा पैसा हाती येतो आणि वीटभट्टीवर जाणे टळते. म्हणून मोगऱ्यावरची कीड ही त्यांच्यासाठी पोटापाण्याची गोष्ट आहे. ती कशी ओळखावी, याचा हा लहानसा पाठ. आपल्या अंगणातल्या आणि चर्चच्या आवारातल्या झाडांनाही तो लागू पडतो.

सुरुवात माझ्या चुकीने करतो. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका पाड्यावरच्या ताईंच्या मोगऱ्याची पाने फिकट, धुरकट दिसू लागली. मी बाजारात जाऊन "मोगऱ्यावर कीड आहे" एवढेच सांगितले आणि मिळाले ते कीटकनाशक आणून स्वतः फवारले. दहा दिवसांनी पाहतो तर शेंड्यांवर बारीक जाळी आणि पाने गळू लागलेली. ताई म्हणाल्या, "भाऊ, ते ठिपक्यांचे किडे मेले, पण झाडं तर जास्तच वाळली."

त्यांनी बरोबर पाहिले होते. झाडावर लाल कोळी होता. तो आठ पायांचा, कोळ्यांच्या जातीचा, कीटक नव्हे. पुष्कळ कीटकनाशके त्याला मारत नाहीत, पण त्याला खाणारे ढालकिडे आणि इतर मित्रजीव मात्र मारतात. मी शत्रूला मोकळे रान करून दिले होते. त्या हंगामात ताईंची तोडणी निम्म्यावर आली. फवारण्याआधी मी एक पानही उलटून पाहिले नव्हते.

तेव्हापासून आम्ही तीन पायऱ्या पाळतो.

१. बिघाड कुठे आहे ते पाहा. खालची, जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी आहे. कुजलेले शेणखत द्या. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून फवारा. माती ओली असूनही झाड मान टाकत असेल तर पाणी साचून मुळे कुजत असतील. तेथे चर काढून पाण्याला वाट द्या.

२. पान उलटा, कळी उघडा. पांढऱ्या कागदावर पान झटका. बारीक ठिपके चालू लागले तर कोळी समजा. कळीला भोक, आत हिरवट अळी आणि कळ्या धाग्यांनी एकमेकींना चिकटलेल्या असतील तर ती कळी पोखरणारी अळी. कळी बुडाशी सुजून जांभळट झाली आणि आत अगदी बारीक अळ्या दिसल्या तर ते एका लहान माशीचे काम. पावसाळ्यात पानांवर वाढत जाणारे तपकिरी डाग दिसले तर ती बुरशी.

३. मगच उपचार करा, आणि तोही सौम्य उपायापासून. कोळ्यासाठी पानांच्या मागच्या बाजूला जोराने पाणी मारा. तेवढ्याने भागले नाही तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. कडक उन्हात पाने करपतात. किडलेल्या कळ्या रोज वेचून नष्ट करा. माशीच्या अळ्या जमिनीत कोष करतात, म्हणून गळलेल्या कळ्या उचला आणि झाडाखालची माती हलवत राहा. अळीसाठी निंबोळी अर्क चालतो: ५० ग्रॅम निंबोळीच्या गराची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा, चिमूटभर साबण घालून फवारा. बुरशी असेल तर डागाळलेली पाने काढून जाळा आणि दाट फांद्या छाटून वारा खेळू द्या.

रासायनिक औषध घ्यावेच लागले तर रोगट पान व कळी पिशवीत घालून सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवा. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. तोंडाला फडके, हातात मोजे हवेतच. मुलांना दूर ठेवा. तोडणी आधी करा, फवारणी नंतर, आणि डब्यावर सांगितलेले दिवस गेल्याशिवाय पुन्हा खुडू नका. त्या कळ्या बायाबापड्या उघड्या हातांनी खुडतात आणि कोणीतरी त्यांचा गजरा केसांत माळते.

त्या ताईंची झाडे छाटणीनंतर पावसात पुन्हा फुटली. पुढच्या उन्हाळ्यात कळ्याही आल्या. पण बुडालेला हंगाम मी त्यांना भरून देऊ शकलो नाही. आता मी बागेत पाऊल टाकायच्या आत त्या पान तोडून, उलटे करून माझ्या हातात देतात.

या तिमाहीचा गृहपाठ: घरातील गुलाब, जास्वंद किंवा झेंडूची पाच पाने उलटून पाहा. जे दिसेल ते वहीत लिहा. त्या दिवशी फवारू मात्र काहीच नका.