नावेच्या पिछाडीची फळी

अफझलगंजात राहणाऱ्या माणसाला मुसी नदीविषयी वेगळे सांगावे लागत नाही. २८ सप्टेंबर १९०८ च्या पुराने येथला पूल वाहून नेला, हजारो माणसे गेली, आणि आज जेथे उस्मानिया इस्पितळ आहे त्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जीव वाचले. पुढे उस्मानसागर व हिमायतसागर बांधले गेले. तरीही २०२५ च्या सप्टेंबरअखेर नदीचे पाणी महात्मा गांधी बसस्थानकात शिरलेच. अशा वेळी प्रथम नावेची आठवण होते. ॲल्युमिनियमच्या नावेची मोटार मात्र एका लाकडी फळीवर टांगलेली असते, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे अशी जुनी नाव होती. पिछाडीची फळी दोनच वर्षांपूर्वी नवी बसविलेली, रंग अगदी चकचकीत. मोटार हलवून पाहिली, तर तीबरोबर फळीही डुलू लागली. टोचा खुपसला, तो लोण्यात जावा तसा आत गेला. ही नाव पुरात नेली असती, तर मोटार तळाशी आणि माणसे प्रवाहात!

मोटारीचे वजन चाळीस-पन्नास किलो. पण खरा भार वजनाचा नाही. पंखा पाण्याखाली पुढे रेटतो, त्यामुळे मोटारीचा वरचा भाग मागे कलू पाहतो व फळी तरफेने पिळवटली जाते. हा पीळ कुजक्या लाकडाला सोसत नाही.

मग दोन वर्षांत फळी कुजली कशाने? सुताराने रंग आधी दिला आणि भोके नंतर पाडली. फळीचा पृष्ठभाग सुरक्षित राहिला, पण प्रत्येक भोकातून पाणी आत मुरत गेले. रंगामुळे ते बाहेरही पडेना. लाकूड पाण्याने नव्हे, बुरशीने कुजते. आणि सतत ओल राहिल्याखेरीज बुरशी वाढत नाही. तेव्हा फळी बदलणे हे सुतारकाम सोपे आहे. भोके बुजविणे हेच खरे काम.

मोटार व बोल्ट काढावेत. रिबिटे असल्यास त्यांची डोकी गिरमिटाने कोरावी. कुजकी फळी शक्य तो अखंड काढावी, कारण नव्या फळीचा नमुना तीच. जाडीही तिचीच घ्यावी. आमच्या नावेला ३८ मिलिमीटर लागली. मरीन प्लायवूडचे १९ मिलिमीटरचे दोन तक्ते इपॉक्सीने चिकटवून ती साधली. प्लायवूड घेताना आय. एस. ७१० हा शिक्का पाहावा. घरातल्या कपाटाचे प्लायवूड येथे चालत नाही. तांब्याच्या क्षारांत मुरविलेले हिरवट लाकूडही घेऊ नये. ओलाव्यात तांबे व ॲल्युमिनियम एकत्र आले, की ॲल्युमिनियम झिजते. लिंबात दोन धातूंच्या पट्ट्या खोचून आपण मुलांना जे दाखवितो, तेच हे.

फळी कोरडी करून, नावेत बसवून पाहून, भोकांच्या खुणा कराव्यात. मग भोके मुद्दाम मोठी पाडावी, ती लुकणासारख्या घट्ट इपॉक्सीने भरावी, आणि ती टणक झाल्यावर मधोमध बोल्टाचे भोक पाडावे. आता पाणी आले तरी त्याला लाकूड भेटत नाही. मिस्त्री म्हणाले, "मास्तरसाहेब, एकच भोक दोनदा पाडायचे?" मी जुन्या फळीचा भुसा त्यांच्या तळहातावर ठेवला. ते हसले व कामाला लागले.

यानंतर सर्व बाजूंना इपॉक्सीचे तीन हात द्यावेत. कडांना अधिक, कारण तेथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. मिश्रण मापानेच करावे, आणि आपल्या उन्हाळ्यात ते पसरट ताटात ओतावे. खोल डब्यात ते तापून पाहता पाहता घट्ट होते. हात ऊन उतरताना द्यावा. सकाळच्या गार लाकडावर दिला, तर ऊन चढताच आतली हवा फुगून बुडबुडे येतात, आणि फुटलेला प्रत्येक बुडबुडा म्हणजे नवे भोक. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून शेवटी वर रंग हवाच.

बसविताना बोल्ट स्टेनलेस पोलादाचे घ्यावेत, पितळेचे नकोत. बोल्टांना व वॉशरखाली पॉलियुरेथेन सीलंट भरपूर लावावे. ज्याला आंबूस, शिरक्यासारखा वास येतो ते सिलिकॉन वापरू नये. त्यातील आम्ल धातूला बाधते. प्रथम नट हलकेच आवळावेत, नाही तर सीलंट सगळे बाहेर येते. ते वाळल्यावर पुरते आवळावेत. पाणी सोडण्याच्या भोकाची आतली कड विसरू नये. आम्ही ती विसरलो होतो, आणि त्यासाठी फळी एकदा पुन्हा उतरवावी लागली.

पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा तपासावेत. पावसाळा संपताच सर्वांत खालचा एक बोल्ट काढून पाहावा. तो ओला निघाला, तर तेवढे भोक कोरून, वाळवून पुन्हा भरावे.