आधी कार्ड कोणतं ते बघा
२०२२ च्या मे महिन्यात भाचीच्या जुन्या लॅपटॉपवर मी डेबियन ११ टाकलं. विंडोज उघडायलाच दहा मिनिटं लागायची आणि तिचा प्रोजेक्ट चार दिवसांवर आला होता. इन्स्टॉल होताना मध्येच सूचना आली: काही फर्मवेअर फाइल्स सापडत नाहीत, पेनड्राइव्हवर असतील तर द्या. मी 'नाही' दाबून पुढे गेलो. डेस्कटॉप छान उघडला, पण वायफायचा पत्ताच नाही.

मग मी जे केलं ते कुणी करू नये. फोनवर शोधून, दिसेल ती कमांड टर्मिनलमध्ये उतरवत बसलो. त्या कमांड दुसऱ्या कुणाच्या तरी कार्डासाठी होत्या; आपलं कार्ड कोणतं हे मी पाहिलंच नव्हतं. त्यातल्या एकीने 'मोडप्रोब डॉट डी' फोल्डरमध्ये 'ब्लॅकलिस्ट'ची एक ओळ लिहून ठेवली. म्हणजे या नावाचा ड्रायव्हर आपणहून उचलायचा नाही, असा सिस्टमला कायमचा निरोप. आणि आमच्या कार्डाला नेमका तोच ड्रायव्हर लागत होता.

दुसऱ्या रात्री भाची म्हणाली, "मामा, माझा फोन केबलने जोडून बघू या का?" यूएसबी टेदरिंग सुरू केलं आणि मिनिटभरात नेट आलं. वायफाय रुसलं की सगळ्यात आधी हेच करा. नेट हाताशी असलं की डोकं शांत राहतं.

त्यानंतर 'एलएसपीसीआय -एनएनके' ही कमांड दिली. तिच्यात वायफाय कार्डाची ओळ दिसते आणि चौकोनी कंसात कोलन असलेला एक क्रमांक. शोध घ्यायचा तो या क्रमांकावरून. लॅपटॉपच्या मॉडेलवर जाऊ नका, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी कार्डं निघतात. त्याखाली वापरातल्या ड्रायव्हरचं नाव यायला हवं. आमच्याकडे ती ओळच नव्हती. का नाही, हे शोधताना ब्लॅकलिस्ट सापडली. ती काढून रीस्टार्ट केलं आणि 'सुडो डीमेसेज' पाहिलं, तर एका फर्मवेअर फाइलचं नाव आणि पुढे 'एरर -२'. हा आकडा लक्षात ठेवा. -२ म्हणजे त्या नावाची फाइल डिस्कवर नाही, एवढंच. कार्ड धड, ड्रायव्हर धड, फक्त एक फाइल हवी! सोर्सेसच्या यादीत 'नॉन-फ्री' जोडलं, फर्मवेअरचं पॅकेज टाकलं, आणि आख्ख्या इमारतीची नेटवर्कं समोर आली.

जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे. बाकीच्या आहेतच. 'आरएफकिल लिस्ट'मध्ये 'सॉफ्ट' ब्लॉक दिसला तर तो कमांडने सुटतो. 'हार्ड' असेल तर लॅपटॉपचं बटण किंवा बायोस बघावं लागतं. ड्रायव्हर बाहेरून आणून बसवला असेल आणि सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल घेतच नाही.

त्या दिवसापासून भाचीच्या लॅपटॉपच्या बॅगेत एक छोटी वही आहे. कोणती कमांड दिली, कोणती फाइल बदलली, कोणत्या तारखेला, एवढंच त्यात लिहितो. तुम्हीही ठेवा, आणि शक्य असेल तर इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून वायफाय लागतं का ते बघून घ्या.