वेग तोच, वाट वेगळी

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आज ते दुचाक्यांचे शहर आहे. १९७२ मध्ये लूना इथेच जन्मली. बजाजच्या स्कूटर आणि मोटरसायकली आकुर्डीच्या कारखान्यातून देशभर गेल्या. वाहनांच्या चाचण्या घेणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही पुण्यातच आहे. अशा शहरात मोटरसायकलचा वेग हा मधल्या सुटीतल्या गप्पांचा आवडता विषय असावा, यात नवल नाही.

या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. शर्यतीच्या ट्रॅकवर स्वार ताशी ३०० कि.मी. वेगाने जातात. त्यांतले काही पडतात आणि बहुतेक वेळा उठून चालू लागतात. मग कात्रजच्या बाह्यवळण रस्त्यावर एखाद्याने ताशी १०० कि.मी. वेग घेतला, तर एवढे काय बिघडले?

प्रश्न रास्त आहे. ‘मोठ्यांचे ऐकावे’ एवढेच उत्तर त्याला पुरणार नाही. खरे उत्तर तुमच्या नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. चला, आकडे मांडून ते शोधू या.

पहिला फरक : अनपेक्षित गोष्टी

समोर अडथळा दिसला की गाडी लगेच थांबत नाही. डोळ्यांनी पाहायचे, मेंदूने धोका ओळखायचा, हाताला आणि पायाला आज्ञा जायची, मग ब्रेक दाबला जायचा. या सगळ्याला लागणाऱ्या वेळाला प्रतिसादकाल म्हणतात. अचानक आलेल्या अडथळ्यासाठी तो निदान १ सेकंद धरावा. तेवढ्या वेळात गाडी पूर्वीच्याच वेगाने पुढे जात असते. त्यानंतर ब्रेकचे काम सुरू होते. ब्रेक लागल्यावरचे अंतर पुढील सूत्राने मिळते :

अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × मंदन)

मंदन म्हणजे ऋण त्वरण. कोरडा, चांगला रस्ता आणि उत्तम ब्रेक असतील, तर ते दर सेकंदाला सेकंदास ६ मीटर धरू. आता हिशेब पाहा. पहिला आकडा प्रतिसादकालातले अंतर आहे, दुसरा ब्रेक लागल्यावरचे :

ताशी ४० कि.मी. : ११ + १० = २१ मीटर
ताशी ६० कि.मी. : १७ + २३ = ४० मीटर
ताशी ८० कि.मी. : २२ + ४१ = ६३ मीटर
ताशी १०० कि.मी. : २८ + ६४ = ९२ मीटर

वेग ४० वरून ८० झाला, म्हणजे दुप्पट झाला. पण ब्रेकचे अंतर चौपट झाले. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ती सारी ऊर्जा ब्रेकला संपवायची असते.

आता एक उदाहरण घ्या. कर्वे रस्त्यावर थांबलेल्या बसच्या आडून एक मूल साडेएकवीस मीटरवर अचानक रस्त्यात आले. ताशी ४० कि.मी. वेगाने येणारा स्वार त्याच्या अगदी जवळ जाऊन थांबेल. ताशी ६० कि.मी. वेगाने येणाऱ्याचे काय होईल? तुम्हांला वाटेल की तो ताशी २० कि.मी. वेगाने धडकेल. तसे होत नाही. त्याचे १७ मीटर तर ब्रेक दाबण्याआधीच संपले. ब्रेकसाठी उरले जेमतेम पावणेपाच मीटर. सूत्रात घालून पाहा : धडकेच्या क्षणी त्याचा वेग ताशी ५३ कि.मी.च्या आसपास उरतो. तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, म्हणजे सुमारे ११ मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर याच वेगाने आदळते.

ट्रॅकवर हा पहिला आकडा जवळजवळ नाहीसा होतो. वळणाआधी कडेला अंतराच्या पाट्या लावलेल्या असतात. कुठल्या पाटीपाशी ब्रेक दाबायचा, हे स्वाराने सरावात आधीच ठरवलेले असते. तेच वळण तो एका दिवसात कित्येक वेळा घेतो. समोरून कोणी येत नाही, आडव्या गल्लीतून रिक्षा निघत नाही, कुत्रे आडवे जात नाही. पुढे कोणी पडलेच, तर जागोजागी उभे असलेले पंच पिवळे झेंडे दाखवतात. प्रसंग गंभीर असला, तर लाल झेंडा दाखवून शर्यतच थांबवतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. स्वार कितीही तरबेज असला, तरी बसच्या आडचे मूल त्याला दिसत नाही. न दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद देता येत नाही.

दुसरा फरक : टायरची पकड

मोटरसायकल वळते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. वळणासाठी लागणारे अभिकेंद्री बल हे घर्षणच पुरवते. घर्षण जेवढे बल देऊ शकते त्याहून अधिक बल लागले, की चाक बाहेरच्या बाजूला घसरते. म्हणून सपाट वळणावरचा सर्वाधिक वेग असा मिळतो :

वेगाचा वर्ग = घर्षणांक × गुरुत्व त्वरण × वळणाची त्रिज्या

या सूत्रात वस्तुमान नाही, हे पाहिलेत का? गाडी हलकी असो वा जड, मर्यादा तीच.

जुन्या कात्रज घाटासारख्या रस्त्यावर ३० मीटर त्रिज्येचे एखादे वळण आहे असे समजा. घर्षणांकाच्या ढोबळ किमती घेऊन मर्यादा काढू :

स्वच्छ, कोरडे डांबर (०.७) : ताशी ५२ कि.मी.
ओले डांबर (०.४) : ताशी ३९ कि.मी.
डांबरावर पसरलेली वाळू (०.२) : ताशी २८ कि.मी.

वळण तेच, पण ट्रकमधून सांडलेल्या मूठभर वाळूने मर्यादा जवळजवळ निम्म्यावर आली. ती वाळू आज सकाळी तिथे पडली आहे की नाही, हे वळणात शिरेपर्यंत कळत नाही. जूनमधल्या पहिल्या सरीने रस्त्यावरचे तेल वर येते. गटारांची लोखंडी झाकणे आणि रंगवलेले पट्टे पावसात गुळगुळीत होतात. शर्यतीचा ट्रॅक मात्र रोज झाडला जातो, आणि तेल सांडले तर ते साफ होईपर्यंत गाड्या सोडल्या जात नाहीत. शर्यतीचे मऊ रबराचे टायर विजेच्या गरम वेष्टनात आधीच तापवलेले असतात. त्यांचा घर्षणांक १ च्याही वर जातो.

घर्षणाची आणखी एक गंमत आहे. वळणे आणि ब्रेक लावणे या दोन्हींसाठी टायरजवळ पकड एकच असते. समजा एकूण पकड ५ भाग आहे आणि त्यांतले ४ भाग वळण्यात खर्च झाले. मग ब्रेकसाठी किती उरले? १ असे उत्तर देऊ नका. ही दोन बले परस्परांना काटकोनात असतात, म्हणून पायथागोरसचा सिद्धांत वापरायचा : ५ चा वर्ग वजा ४ चा वर्ग म्हणजे ९, म्हणून उरले ३ भाग. पण पाचही भाग वळण्यात संपवले, तर ब्रेकसाठी शून्य उरते. वळणात पुरते झुकलेल्या स्वाराला अचानक समोर एस.टी. दिसली आणि त्याने ब्रेक दाबला, की गाडी का निसटते, ते यावरून समजेल. ट्रॅकवरचा स्वार पाचही भाग वापरू शकतो, कारण समोरून एस.टी. येणार नाही याची त्याला खात्री असते. रस्त्यावर काही भाग नेहमी शिल्लक ठेवावे लागतात.

तिसरा फरक : थांबायला जागा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ट्रॅकवर पडलेला स्वार उठून कसा चालतो?

ताशी १०० कि.मी. वेग असताना स्वार पडला आणि डांबरावरून घसरत गेला असे समजा. घर्षणांक ०.५ धरला, तर तो सुमारे ७९ मीटर घसरून थांबेल. त्याचे वस्तुमान ६० किलोग्रॅम असेल, तर त्याच्यावर सरासरी सुमारे ३०० न्यूटन बल लागेल. हे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या निम्मे झाले. अंगावर जाड कातडी पोशाख असेल, तर शरीर एवढे सहज सोसते.

तोच स्वार त्याच वेगाने विजेच्या खांबावर आदळला आणि अर्ध्या मीटरात थांबला, तर? ऊर्जा तेवढीच आहे, पण ती ७९ मीटरांऐवजी अर्ध्या मीटरात संपली. सरासरी बल होईल सुमारे ४६,००० न्यूटन, म्हणजे वजनाच्या ७९ पट. कोणताही पोशाख येथे पुरा पडत नाही.

ट्रॅकच्या वळणांबाहेर म्हणूनच मोकळी जागा राखलेली असते. तिच्यात खडीचे रुंद पट्टे असतात आणि त्यापलीकडे हवा भरलेल्या जाड गाद्या. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय ट्रॅकवर सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी शर्यत झाली. तो ट्रॅक पाहताना डांबराच्या पट्टीइतकेच तिच्या बाहेरच्या मोकळ्या जागेकडेही लक्ष द्या. आपल्या रस्त्याच्या कडेला काय असते? दुभाजक, झाडे, खांब, दुकानांचे कट्टे आणि माणसे.

ट्रॅकवरही मृत्यू होतात. २३ ऑक्टोबर २०११ रोजी मलेशियातील सेपांग येथे मार्को सिमोन्चेल्ली हा इटालियन स्वार पडला. मागून येणाऱ्या मोटरसायकलींची त्याला धडक बसली आणि तो दगावला. मोकळी जागा कितीही असली, तरी मागून येणाऱ्या गाडीपासून ती वाचवत नाही. ट्रॅकवर हा धोका अधूनमधून येतो. रस्त्यावर मागून गाडी नेहमीच येत असते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका भरधाव जड वाहनाने ४० हून अधिक गाड्यांना धडक दिली, हे तुमच्या घरी आठवत असेल.

एक घडून गेलेला प्रयोग

आपले म्हणणे खरे की खोटे, हे तपासायचे कसे? स्वार तेच, गाड्या त्याच, वाहतूकही बंद. फक्त ट्रॅकऐवजी रस्ता, अशी शर्यत घेऊन पाहावी लागेल. असा प्रयोग खरोखर झालेला आहे.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधील ‘आइल ऑफ मॅन’ बेटावर १९०७ पासून रस्ते बंद करून मोटरसायकलींच्या शर्यती होतात. डोंगरावरून जाणारा तिथला मार्ग सुमारे ६० कि.मी. लांबीचा आहे. त्याच्या कडेला दगडी भिंती, घरे आणि खांब आहेत. जगातले निष्णात स्वार तिथे उतरतात. तरीही या मार्गावर आजवर २५० हून अधिक स्वार मरण पावले आहेत. १९७२ मध्ये सहकारी स्वार जिल्बर्तो पार्लोत्ती तिथे दगावला, तेव्हा अनेकदा जगज्जेता ठरलेल्या जाकोमो आगोस्तिनीने त्या शर्यतीवर बहिष्कार टाकला. इतरांनीही त्याची वाट धरली आणि १९७६ नंतर ती जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतून वगळली गेली. आगोस्तिनीला गाडी चालवता येत नव्हती, असे कोणी म्हणेल काय? भिंतीपाशी जागा नव्हती, आणि कौशल्याने जागा वाढत नाही.

मग वेगाची हौस कुठे भागवायची?

त्याच्याही सोयी आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासून ट्रॅक आहे. त्याआधी तिथल्या शर्यती शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवर होत. कोइंबतूरला २००३ पासून करी ट्रॅक आहे. आपल्या पुण्यातही जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारण्याची सुपरक्रॉस शर्यत झाली.

सार्वजनिक रस्त्यावर मात्र कायदा स्पष्ट आहे. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पालिका हद्दीत मोटरसायकलला ताशी ६० कि.मी. ही कमाल मर्यादा आहे. स्थानिक पाटीवर त्याहून कमी आकडा असेल तर तो पाळायचा. रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. गिअरची मोटरसायकल चालवण्याचा परवाना १८ वर्षांनंतरच मिळतो. हेल्मेटचेही विज्ञान आता तुम्हांला कळले असेल : त्याच्या आतला फेसासारखा थर चेपला जातो आणि डोके थांबण्याचे अंतर दोन-तीन सेंटिमीटरांनी वाढते. कवटीला तेवढेही पुष्कळ असते.

करून पाहा

१. मित्राला ३० सें.मी.ची पट्टी उभी धरायला सांगा. खाली शून्याच्या खुणेपाशी बोटे उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की पकडा. पट्टी २० सें.मी. घसरली, तर तुमचा प्रतिसादकाल ०.२ सेकंद. तुम्ही वाटच पाहत होता, म्हणून तो इतका कमी आला. आता मित्राशी पाढे म्हणत बोलत राहा आणि पुन्हा मोजा.

२. शिक्षकांच्या मदतीने शाळेच्या मैदानावर चुन्याने २१, ४०, ६३ आणि ९२ मीटरांच्या रेषा आखा. मैदान पुरते का, ते पाहा. आरंभाच्या रेषेवर उभे राहून शेवटच्या रेषेवरील मुलाकडे नजर टाका.

गणिते

(अ) पावसात मंदन ३ झाले. ताशी ६० कि.मी. वेगाने येणारी गाडी एकूण किती अंतरात थांबेल?
(आ) ६० मीटर त्रिज्येच्या ओल्या वळणावर (घर्षणांक ०.४) सर्वाधिक वेग किती?
(इ) ६ कि.मी. अंतर ताशी ४० ऐवजी ६० कि.मी. वेगाने गेल्यास किती वेळ वाचतो?

उत्तरे : (अ) सुमारे ६३ मीटर. (आ) ताशी सुमारे ५५ कि.मी. (इ) ३ मिनिटे. वाटेत सिग्नल लागले नाहीत तर.