नजरेची भाषा

पाठप्रवेश

भाषा म्हटली की आपल्याला शब्द आठवतात. परंतु मनुष्य शब्दांवाचूनही पुष्कळ बोलत असतो. भुवई किंचित उंचावते, ओठ मुडपले जातात, नजर दुसरीकडे वळते आणि समोरच्याला आपले मन कळते. ही नि:शब्द भाषा कुत्र्याने जितकी आत्मसात केली आहे, तितकी क्वचितच दुसऱ्या प्राण्याने केली असेल. हे त्याला कसे साधते आणि त्याची भाषा आपल्याला कितपत कळते, याचा विचार या पाठात केला आहे.

मूळ पाठ

चंडीगडच्या कोणत्याही सेक्टरमधील बाजारापाशी थोडा वेळ उभे राहा. दुकानांच्या ओट्याजवळ एखादे मोकाट कुत्रे पहुडलेले दिसेल. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणाच्या मागे शेपूट हलवीत जावे आणि कोणापासून चार हात दूर राहावे, हे ते क्षणार्धात ठरवते. वासाचा त्यात वाटा असतोच. पण माणसाचा चेहरा, त्याच्या डोळ्यांचा रोख आणि हाताची हालचाल यांकडेही त्याचे बारीक लक्ष असते.

पाळीव कुत्र्याला मालकाच्या खुणा कळतात, यात नवल वाटत नाही. मोकाट कुत्र्याला त्या कोण शिकवणार? कोलकात्याजवळील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न हाती घेतला. झाकलेली दोन भांडी ठेवून त्यांपैकी एकाकडे बोट दाखवायचे आणि कुत्रे कुठे जाते ते पाहायचे, असा साधा प्रयोग त्यांनी 160 मोकाट कुत्र्यांवर केला. त्याचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे निम्मी कुत्री जवळच आली नाहीत. जी आली, त्यांपैकी सुमारे 80 टक्के कुत्री दाखवलेल्या भांड्याकडे गेली. निम्मी का आली नाहीत, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. ती भेदरलेली होती. माणसाचा उगारलेला हात ज्याने सोसला, त्याला पुढे केलेल्या हाताचाही भरवसा वाटत नाही.

लांडगा हा कुत्र्याचा जवळचा नातलग. तरीही येथे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. 2003 मध्ये हंगेरीतील संशोधकांनी माणसांच्या हातांत वाढलेले लांडगे आणि कुत्री यांच्यापुढे न सुटणारे कोडे ठेवले. लांडगे स्वत:च झटत राहिले. कुत्र्यांनी मात्र मागे वळून माणसाकडे पाहिले. अडचणीत माणसाकडे पाहणे हे त्यांच्या अंगात मुरलेले आहे. 2015 मध्ये जपानमधील संशोधकांना असे आढळले, की कुत्रे आणि त्याचा मालक एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते. माता आणि तान्हे मूल यांच्या जिव्हाळ्यातही हेच संप्रेरक काम करते. लांडग्यांमध्ये असा परिणाम दिसला नाही.

कुत्र्याचा चेहराही त्याला अनुरूप घडला आहे. भुवईचा आतील भाग वर उचलणारा एक स्नायू कुत्र्यात चांगला विकसित असतो. लांडग्यात त्याचे जेमतेम काही तंतू आढळतात. 2019 मध्ये हे निदर्शनास आले. पोळीच्या तुकड्यासाठी केविलवाणे डोळे करून बसलेल्या कुत्र्याला नकार देणे आपल्याला जड जाते, त्यामागे हा चिमुकला स्नायू आहे. नामदेवांची पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो. त्याच नामदेवांचे पंजाबातील घुमान येथे दीर्घ वास्तव्य होते आणि तिकडेही त्यांना तितक्याच भक्तीने आठवतात.

कुत्री केवळ डोळ्यांची दिशा ओळखून थांबत नाहीत. जमिनीवर ठेवलेल्या खाऊला मनाई केली असता, माणूस पाहत असेपर्यंत ती बरीचशी संयम पाळतात. त्याने डोळे मिटले किंवा पाठ फिरवली, की संयम सुटतो. व्हिएन्ना येथील प्रयोगात कुत्र्यांना आनंदी आणि रागावलेल्या चेहऱ्यांची अर्धीच छायाचित्रे दाखवून त्यांतील भेद शिकवला गेला. पुढे चेहऱ्याचा दुसरा, न पाहिलेला भाग दाखवला, तरी त्यांना भेद ओळखता आला.

विचार करा : कुत्रे माणसाला इतके ओळखते, तर माणूस कुत्र्याला किती ओळखतो?

उत्तर फारसे अभिमानास्पद नाही. घरी काही सांडले, की कान पाडून खाली पाहणाऱ्या कुत्र्याला आपण 'अपराधी' ठरवतो. 2009 मध्ये अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी दाखवून दिले, की कुत्र्याने खरोखर चूक केली आहे की नाही याच्याशी त्या मुद्रेचा संबंध नसतो. मालक रागावला की ती उमटते. म्हणजे ते आपला राग वाचत असते आणि आपण त्याला कबुलीजबाब समजतो.

हा घोटाळा घरापुरता राहत नाही. चंडीगडजवळच, पंचकुला जिल्ह्यातील भानू येथे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. अशा पथकांत श्वान आणि त्याचा हस्तक यांची जोडी असते व ते एकमेकांची नस न् नस ओळखतात. हेच बळ कधी दुबळेपणही ठरू शकते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात 18 जोड्यांना एका इमारतीत तपासणी करायला लावली. तेथे अमली पदार्थ वा स्फोटके मुळीच नव्हती. तरीही जेथे ती असल्याचे हस्तकांना भासवले होते, तेथेच 'सापडले' असे इशारे अधिक वेळा नोंदले गेले. वास नसताना हस्तकाच्या मनातील अपेक्षा श्वानाच्या वर्तनात उतरली असेल, किंवा हस्तकालाच ते दिसले असेल. म्हणून चाचणीच्या वेळी वस्तू कुठे लपवली आहे हे हस्तकालाही ठाऊक नसावे, हा नियम महत्त्वाचा ठरतो.

आणि रस्त्यावर? नोव्हेंबर 2023 मध्ये चंडीगड येथील पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने कुत्रा चावल्यास प्रत्येक दातामागे किमान 10,000 रुपये आणि मांस निघाल्यास प्रत्येक 0.2 सेंटिमीटर जखमेमागे किमान 20,000 रुपये भरपाईचे प्रमाण ठरवून दिले. प्रश्न किती गंभीर आहे हे त्यावरून कळते. लहान मुलांना पुष्कळदा कुत्र्याने विचकलेले दात 'हसू' वाटतात आणि ती चेहरा जवळ नेऊन त्याच्या डोळ्यांत टक लावतात. अनोळखी कुत्र्याला रोखलेली नजर आव्हानासारखी भासते. अशा वेळी धावू नये, ओरडू नये. नजर किंचित बाजूला वळवून, अंग तिरके करून सावकाश दूर व्हावे. ताठरलेले शरीर, एकटक नजर, वळवलेल्या तोंडासह दिसणारा डोळ्यांचा पांढरा भाग, या त्याच्या सूचना असतात. चावा झालाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक लस घ्यावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

शब्दार्थ : आत्मसात करणे – अंगी बाणवणे; संप्रेरक – शरीरातील ग्रंथींतून स्रवणारे द्रव्य; हस्तक – श्वानाला हाताळणारा प्रशिक्षित कर्मचारी; मुद्रा – चेहऱ्यावरील भाव.

स्वाध्याय

'अपराधी' दिसणाऱ्या कुत्र्याविषयी पाठात काय म्हटले आहे, ते आपल्या शब्दांत लिहा. तुमच्या वस्तीतील एखाद्या कुत्र्याचे तीन दिवस दुरून निरीक्षण करा आणि ते कोणाजवळ जाते, कोणाला टाळते, याची टिपणे काढा.