दहा चॅनेल म्हणजे दहा माइक नव्हेत

प्रश्न : आमचे नेवासे तालुक्यात भजनी मंडळ आहे. सप्ताहात कार्यक्रम आणि घरी अभंगांचे रेकॉर्डिंग, दोन्हींसाठी एकच छोटा मिक्सर घ्यायचा आहे. दहा चॅनेलचा पुरेल का?

उत्तर : आधी माइक मोजा. गायकाला एक, पेटीला एक, पखवाजाला दोन (धुमेला वेगळा हवाच), मागे झील धरणाऱ्यांना एक. झाले पाच. टाळांना माइक देऊच नका, ते सगळ्यांच्या माइकमध्ये शिरतातच!

आता यामाहाचा एमजी१०एक्सयू पाहा. नावात दहा असले तरी माइकच्या जागा चारच. उरलेले लाइन इनपुट. म्हणजे तुम्हाला तो अपुरा. एमजी१२एक्सयूमध्ये सहा माइक बसतात, पण यूएसबीवरून रेकॉर्ड होतो तो एकत्र झालेला स्टिरिओ आवाज. पखवाज जास्त झाला तर नंतर कमी करता येत नाही. तुम्हाला रेकॉर्डिंगही हवे, म्हणून माझा कौल झूमच्या लाइव्हट्रॅक एल-८ला. सहा माइक, प्रत्येक चॅनेल एसडी कार्डावर वेगळा, आणि चार एए सेलवरही चालतो. गावात वीज कधी जाते हे तुम्हीच जाणता. स्पीकर बंद पडला तरी रेकॉर्डिंग थांबणार नाही.

४८ व्होल्ट फँटम पॉवर कंडेन्सर माइकलाच लागते. मंडपात मात्र साधे डायनॅमिक माइक वापरा, शिट्टी कमी येते. आणि खरेदीला जाताना पखवाजवादकाला सोबत न्या.