अख्खी कोंबडी, वाफेचं भांडं आणि हातात टेप

वाफेवर अख्खी कोंबडी शिजवायला भांडं घ्यायचं म्हटलं की लोक आधी किंमत बघतात, मग कंपनी, मग वॉरंटी. मोजत कोणी नाही. आमच्या घरात या एका पदार्थापायी भांड्यांचे बरेच प्रयोग झाले. त्यातून पक्कं कळलं ते एवढंच, की कोंबडी शिजते ती भांड्यातल्या मोकळ्या जागेत. धातू कोणता, बटणं किती, खोक्यावर चित्र कसलं, हे सगळं नंतर.

खरं तर हा पदार्थ आमच्याकडचा नव्हेच. आंबागड हे तुमसर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याशी, गोंड राजवटीतल्या किल्ल्याखालचं गाव. इकडे कोंबडी म्हणजे गावरानी कोंबडा, खमंग भाजलेला मसाला आणि वर बोटभर लाल तर्री. पण घरच्यांना डॉक्टरांनी तेल तोडायला सांगितलं, आणि शहरात राहणाऱ्या मुलाने वाफेचा तोडगा काढला. तुकडे करून वाफवले असते तर काहीच अडलं नसतं. अडलं ते ‘अख्खी’ या हट्टापायी.

खोक्यावरचं चित्र

पहिलं आलं ते विजेवरचं, तीन मजली, पारदर्शक प्लास्टिकचं भांडं. मुलाने शहरातल्या एका मोठ्या दुकानातून आणलेलं. खोक्यावर ताटात बसलेल्या गुबगुबीत कोंबडीचं चित्र होतं. धानाची मळणी आटोपली होती, मुलाचे मित्र किल्ला चढायला गेले होते आणि दुपारच्या जेवणाला कोंबडी ठरली होती.

या भांड्यात मधल्या मजल्याची जाळी काढता येते, म्हणजे दोन मजल्यांचा एक उंच मजला होतो. तसं केलं. तरी आमच्या गावरानी कोंबडीचे पाय वर आले आणि झाकण तिच्या गुडघ्यांवर टेकून राहिलं. सासूबाई पडवीतून म्हणाल्या, “तिचे पाय पाय न बाई, झाकन कसं बसन?” मग त्यांनीच वरवंटा आणून झाकणावर ठेवला. तरी एका बाजूने वाफ भसभस बाहेर येतच राहिली. तळातलं लिटरभर पाणी कधी संपलं ते कळलं नाही. यंत्र आपोआप बंद पडलं तेव्हा कळलं.

वरून छाती पांढरी, छान शिजलेली दिसत होती. मांडीच्या सांध्यात सुरीचं टोक घातलं तर गुलाबी पाणी आलं आणि मांस हाडाला घट्ट चिकटलेलं. शेवटी तुकडे केले, गंजात तेल टाकलं, मसाला परतला. पाहुणे बोटं चाटत जेवले. डॉक्टरांचं पथ्य मात्र त्या दिवशी तर्रीत बुडालं.

कारण साधं आहे. वाफ थंड मांसाला लागली की तिचं पुन्हा पाणी होतं, आणि होताना ती आपली सगळी उष्णता मांसाला देते. एक किलो वाफ अशी सुमारे ५४० किलोकॅलरी देऊन जाते. उकळतं पाणी नुसतं निवताना याच्या जवळपासही जात नाही. म्हणून तर वाफेने भाजलेला हात उकळत्या पाण्यापेक्षा जास्त पोळतो. पण ही देवघेव व्हायला वाफ चहूबाजूंनी मांसाला लागली पाहिजे. झाकण उघडं राहिलं की आत हवा शिरते, वाफ हवेत मिसळते आणि आतलं तापमान १०० अंशांच्या खाली येतं. जाळीला चिकटलेली पाठ आणि अंगाला घट्ट दाबलेली मांडी तिथेच मागे राहते.

शिट्टी न झालेला कुकर

दुसरी गोष्ट तुमसरला, नणंदेकडे घडली. तिने म्हटलं, इतका वेळ घालवायचा कशाला, कुकर आहे की. पाच लिटरचा, बाजारातून स्वस्तात घेतलेला, अंगावर कुठला शिक्का नसलेला. कोंबडी आत गेली, पण दाबून. झाकणही दाबूनच लागलं.

शिट्टी होईना. फुसफुस नाही, थुईथुई नाही. ती गॅस बारीक करायला उठली, तेवढ्यात सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. हळदीच्या पाण्याचा फवारा थेट छताला लागला. ती दारातच होती म्हणून थोडक्यात निभावलं. कुकर पूर्ण निवल्यावर झाकण उलटं करून पाहिलं, तर वाफेच्या नळीच्या तोंडाशी नखाएवढा कातडीचा तुकडा ओढला जाऊन पापडासारखा चपटा बसला होता. बाकी कुकरमध्ये काही बिघाड नव्हता.

बंद भांड्यातल्या वाफेवर मांस शिजवण्याचा हा प्रकार जुना आहे. डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये असं भांडं दाखवलं, तेही कठीण हाडं मऊ करण्यासाठी. वाफ अति झाली तर सुटायला वाट हवी, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हची कल्पनाही त्याचीच. आपल्या घरच्या कुकरमध्ये साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जादा दाब असतो आणि आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. निबर गावरानी कोंबडीला हेच भांडं मानवतं. साध्या वाफेवर ती तासन्‌तास चिवटच राहते. पण अख्खी घालायची तर हे पाळा :

– मांस आणि पाणी मिळून कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. कोंबडीचा कुठलाही भाग झाकणाजवळ जाता कामा नये. पाच लिटरमध्ये अख्खी कोंबडी बसवण्याचा नाद सोडा. दहा लिटरचा मोठा कुकर नसेल तर सरळ तुकडे करा.

– झाकण लावण्याआधी वाफेची नळी उजेडाकडे धरून आरपार पाहा. सुटी कातडी, चरबीचे लोंबते तुकडे आणि बांधलेल्या दोऱ्याची टोकं कापून टाका.

– आयएसआय शिक्का पाहूनच घ्या. घरगुती प्रेशर कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे. मानक आहे आयएस २३४७. सेफ्टी व्हॉल्व्ह बदलायचा तर त्याच कंपनीचा घ्या. फिरत्या दुरुस्तीवाल्याने त्या जागी साधा स्क्रू आवळून दिला तर तो कुकर चुलीवर ठेवूच नका.

– वेळ झाली की गॅस बंद करून कुकर आपोआप निवू द्या. शिट्टी उचलून वाफ एकदम सोडली तर आतलं पाणी उसळतं आणि मांसाचा रसही त्यासोबत जातो.

पितळ, कल्हई आणि दही

भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव. आमच्या जिल्ह्यात लग्नातला पितळी गंज घरोघरी सापडतो. तो उंच असतो, रुंद असतो, बुडाला जाड असतो. मला तर तो या कामासाठीच घडवलाय असं वाटलं होतं. पण सासूबाईंनी तो उजेडात नेऊन आतून हात फिरवला. तळाला पिवळं दिसत होतं, म्हणजे कल्हई गेलेली.

कोंबडीला दही किंवा लिंबू लावलेलं असतं आणि शिजताना त्याचा ओघळ खालच्या पाण्यात पडतो. उघड्या पितळेवर आंबट पाणी उकळलं की तांबं आणि जस्त त्यात उतरतं. ते पोटात गेलं तर मळमळ आणि उलट्या ठरलेल्या. दुसरं, कल्हई म्हणजे कथिल, आणि कथिल २३२ अंशांना वितळतं. पाणी आटलं आणि कोरडा गंज आचेवर राहिला की नवी कल्हईसुद्धा वितळून तळाला गोळा होते. तेव्हा पितळ वापरायचं तर कल्हई ताजी हवी, आणि पाणी आटू द्यायचं नाही. एवढी राखण जमत नसेल तर जाड बुडाचा स्टीलचा गंज बरा.

मोदकपात्राचा सल्लाही मला पुष्कळ जणींनी दिला. त्याची जाळी आणि झाकण यांच्यात मोदकापुरतीच उंची असते. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली काढलेला इकमिक कुकर घ्या, किंवा चीनच्या युनान प्रांतातलं मधोमध धुराडं असलेलं मातीचं वाफपात्र घ्या. तिथेही मांस तुकडे करूनच जातं. वाफेच्या बहुतेक भांड्यांची घडण तुकड्यांसाठी आहे.

मग रायगडकडची पोपटी? हिवाळ्यात तिकडे मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी गच्च भरतात, पाण्याचा थेंब घालत नाहीत, तरी सगळं शिजतं. ते साधतं कारण मडकं पालथं घालून त्याच्या चहूबाजूंनी जाळ करतात. मडक्याची भिंतच तापते आणि पाल्यातलं पाणी वाफ होऊन आत कोंडतं. गॅसवर जाळ फक्त बुडाला असतो. तिथे बाजूची उष्णता वाफेलाच न्यावी लागते, म्हणून तिला फिरायला जागा ठेवावी लागते.

माप असं घ्या

बाजारात सोलून मिळणारी सव्वा किलोची ब्रॉयलर कोंबडी पाय बांधून, छाती वर करून ठेवली तर साधारण २० सेंटिमीटर लांब, १४ रुंद आणि ११ ते १२ उंच भरते. गावरानी वजनाला कमी असली तरी पायांनी लांब असते, हे विसरू नका. आता खालून वर मोजत या. पाणी ५ ते ६ सेंटिमीटर. पाणी आणि ताटली यांच्यात २ ते ३. कोंबडी १२. वर झाकणापर्यंत किमान ४. झाले २५. कोंबडीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर सोडले तर आतला व्यास २६. म्हणजे सुमारे १३ लिटरचा गंज लागतो. आता आठवून पाहा, तुमच्या ओट्यावरचं सगळ्यात मोठं भांडं केवढं आहे.

आत स्टीलची मजबूत तिवई ठेवा. तिच्यावर कडा असलेली ताटली, म्हणजे रस पाण्यात न जाता ताटलीत जमेल; तोच पुढे आमटीला कामी येतो. ताटली गंजाच्या भिंतीला टेकू देऊ नका, चहूबाजूंनी बोटभर फट हवी, नाहीतर वाफ खालीच अडते. कोंबडी नुसती ताटलीवर न ठेवता खाली दोन आडवे कांदे किंवा बटाट्याच्या जाड चकत्या ठेवा, म्हणजे पाठीलाही वाफ लागते. झाकण घुमटासारखं असलं तर पाणी कडेने ओघळतं. सपाट असेल तर आतून स्वच्छ पंचा बांधा आणि त्याची टोकं वर गाठ मारून आचेपासून दूर ठेवा.

या मापाच्या गंजात तीन लिटरच्या आसपास पाणी मावतं आणि मध्यम आचेवर तासभर निभतं. पाण्यात एक स्टीलचं नाणं टाका. पाणी उकळतंय तोवर ते खडखडतं. आवाज थांबला की समजा पाणी संपत आलं. वरून घालायचं पाणी उकळतंच हवं, गार घातलं की वाफ मोडते.

शिजली हे कसं ओळखायचं

सव्वा किलोच्या ब्रॉयलरला भरपूर वाफ धरल्यापासून ५० मिनिटं ते तास लागतो. कोंबडी फ्रिजमधून काढून लगेच ठेवली तर जास्त. घड्याळापेक्षा खात्रीचं साधन म्हणजे मांसात खुपसायचं थर्मामीटर. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लावता खुपसा. ७४ अंश दिसले की झालं. नुसत्या रंगावर जाऊ नका. कोवळ्या ब्रॉयलरचं मांस हाडाजवळ शिजल्यावरही कधी गुलाबी दिसतं, आणि आतून कच्ची कोंबडीही वरून पांढरी दिसते. आमच्याकडे त्या दुपारी तेच झालं होतं.

वाफेवर कातडी कधीच खरपूस होत नाही, कारण त्यासाठी १०० अंशांपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. ती हौस असेल तर शिजलेली कोंबडी पुसून कोरडी करा, चमचाभर तुपात हळद-तिखट कालवून लावा आणि तापल्या तव्यावर बाजू फिरवत भाजा. दुकानदार बहुधा सवयीने सोलूनच देतो. कातडीसकट हवी असेल तर आधी सांगा.

झाकण उघडताना आपल्या विरुद्ध बाजूने उचला, सांडशीने किंवा जाड फडक्याने. वाफ लागलीच तर २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली हात धरा. बर्फ, टूथपेस्ट, तूप यांतलं काही लावू नका. फोड मोठे आले किंवा चेहऱ्याला लागलं तर दवाखाना गाठा.

आमच्या घरी आता स्टीलचा गंज, तिवई, ताटली आणि घुमटी झाकण एवढ्यावर काम भागतं, आणि त्यातल्या बऱ्याच वस्तू घरातच होत्या. तुम्हीही आधी घरातली भांडी मोजा. तरी नवं घ्यायचंच असेल तर खिशात टेप घेऊन दुकानात जा, झाकण लावून आतली उंची मोजा. दुकानदार म्हणेल, ताई, चित्रात दाखवलंय की. तुम्ही म्हणा, चित्रातली कोंबडी काढून दाखवा, मग घेते.